पौषातलं लग्न

“पौषात?” नाना जगदाळ्यांनी ओठांजवळ नेलेली बशी खाली घेतली. “पोरी, शुद्धीवर हाईस न्हवं?”

“आहे.”

“आगं, तीन दिसांवर लगीन आलंय. पत्रिका वाटून झाल्या, लांबचं पाव्हणं निघाल्यात, मांडवाचं वासं दारात येऊन पडल्यात. आन् तू म्हणतीस फुडं ढकला? तेबी पौषात? पौषात कुणी म्हशीचा सौदा करत न्हाई, लगीन कुठलं करतीस!”

आमच्या कराडच्या घराची बाहेरची खोली ती केवढीशी. तिच्यात त्या दिवशी नाना, त्यांचा धाकटा मुलगा उत्तम, म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो, माझे थोरले चुलते तात्या आणि मी एवढी माणसं बसली होती. आई आतल्या दाराची चौकट धरून उभी होती. नवरीनं असल्या बैठकीत तोंड उघडायचं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. पण बैठक मीच बोलावली होती, मग तोंड दुसऱ्या कुणी उघडायचं?

“नाना, आबा चोवीस तारखेला घरी येतात. पंचवीसला लग्न लावू,” मी म्हणाले. “तेरा तारखेला आबा भर समुद्रात असणार. ज्या लग्नाला माझा बाप नाही, त्या लग्नाला मी पण नाही. मुहूर्त तुमचा आहे, तो धरून तुम्हाला जिच्याशी लावायचं तिच्याशी लावा.”

“वैजे!” आईनं चौकट सोडली.

तात्यांनी पानाला चुना लावता लावता हसून मान हलवली. “आवं नाना, पोरीचं काय मनावर घेताय. कन्यादानाला मी हाय की. दौलतनंच तसं सांगून ठेवलंय मला. आन् त्याचं काय नवीन हाय? ह्या घरात तो असतोय कधी?”

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं.

“तात्या, तुम्ही रोज घरी असता,” मी म्हणाले. “तुमची शोभी कितवीत आहे, सांगा बघू.”

तात्यांचा चुन्याचा अंगठा पानावर तसाच राहिला. त्यांना सांगता येईना. शोभी सातवीला होती. ते मला माहीत होतं, आणि महिन्यातले निम्मे दिवस समुद्रात असणाऱ्या माझ्या आबांनाही माहीत होतं.

नाना उठले. टोपी डोक्यावर दाबत म्हणाले, “उत्तम, ऊठ. चल.”

उत्तम उठला नाही. तो विट्याच्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि सगळंच सावकाश करायचा. “चहा संपू दे, नाना,” तो म्हणाला. “चांगला झालाय.”

नाना चपला पायात सरकवून तरातरा चालते झाले. उत्तमनं खरोखरच चहा संपवला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “नाताळची सुट्टी असते तेव्हा. मला रजा टाकावी लागणार नाही.” मग तोही बापाच्या मागं गेला. हा होकार होता की थट्टा, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

आबा गेल्या वर्षी गेले. दहाव्याच्या दिवशी कृष्णेच्या घाटावर एक पाहुणे म्हणालेच, “दौलतरावांचं निम्मं आयुष्य घराबाहेरच गेलं बघा.” पिंडाला कावळा शिवायचा होता म्हणून मी गप्प बसले. नाहीतर त्या पाहुण्यांना तिथंच धरलं असतं. ही गोष्ट मी त्यांच्यासाठी सांगते आहे, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. कुणाला आवडो न आवडो.

माझे वडील दौलत शेवाळे तेलाच्या विहिरीवर कामाला होते. मुंबईच्या किनाऱ्यापासून लांब, चारी बाजूंना पाणीच पाणी, तिथं लोखंडाचा एक अगडबंब मनोरा उभा. त्याला रिग म्हणतात. समुद्राचा तळ खोदून तेल काढायचं. आबांनी आयटीआयचा फिटरचा कोर्स केला आणि नोकरीला लागले. पहिली कित्येक वर्षं ते त्या मनोऱ्यावर नव्वद फूट उंच, हातभर रुंद फळीवर पट्टा बांधून उभे राहायचे आणि खालून वर येणारे पाइप कवेत घेऊन कडेला लावायचे. त्या फळीचं नाव मंकी बोर्ड. आई म्हणायची, “लोकांचे नवरे हापिसात बसत्यात, माझा माकडाच्या फळीवर उभा ऱ्हातोय.” पण हे ती फक्त घरातच म्हणायची. बाहेर कुणी म्हटलं तर त्याची खैर नसायची.

चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, अशी त्यांची पाळी, आणि मुंबईहून रिगवर जाणं-येणं हेलिकॉप्टरनं. घरचे चौदा दिवस ते चावडीवर गेले नाहीत की पारावर बसले नाहीत. आल्या दिवशी संध्याकाळी आमच्या चौदा दिवसांच्या वह्या तपासायचे. चूल त्यांच्या ताब्यात जायची, कारण आईनं चौदा दिवस एकटीनं ओढलं म्हणून तिला बसवून वाढायचं, असा त्यांचा कायदा. शेवाळ्यांचा दौलत भाकरी थापतो म्हणून गल्ली हसायची. आबा दार उघडं टाकून थापायचे, म्हणजे हसणाऱ्यांना नीट दिसावं. माझ्या आणि धाकट्या मंदाच्या वेण्या तेच घालायचे. जाड दोरखंड वळायला शिकलेला हात तो. त्यांनी घातलेली वेणी शाळा सुटेपर्यंत केसभर ढिली व्हायची नाही. गल्लीतल्या चार मुली सकाळी रिबिनी घेऊन आमच्या पायरीवर रांग लावायच्या, आणि पुढं मोठी झाल्यावर तात्यांची शोभीही त्या रांगेत पहिली.

समुद्रातून पत्र टाकता येत नसे. म्हणून आबा तिथं वहीत रोज एक पान लिहायचे आणि चौदा पानं एकदम घेऊन यायचे. आज समुद्र कसा होता, जेवायला काय होतं, वैजूचा गणिताचा पेपर आज असेल, मंदाचा दात पडला असेल का. आम्ही ती पानं जेवणानंतर एकेक करून वाचायचो.

आणि सण? आमचे सण आबा जमिनीवर असतील तेव्हा. दिवाळी लोकांची होऊन जायची आणि आम्ही दहा दिवसांनी पहाटे उठून अंगाला उटणं लावायचो. नागपंचमीच्या पुरणपोळ्या एकदा आम्ही राखीपौर्णिमा उलटल्यावर खाल्ल्या. गल्लीत म्हणायचे, शेवाळ्यांचं पंचांग हेलिकॉप्टरनं येतं. आईला सुरुवातीला लाज वाटायची. मग तीही म्हणू लागली, “व्हय, येतंय. तुमचं कशानं येतंय?”

आता भुयाँबद्दल सांगायला हवं. रिगवर प्रत्येक माणसाला एक जोडीदार असतो, त्याला रिलीव्हर म्हणतात. हा चौदा दिवस राबला की तो चौदा दिवस. काम तेच, पलंग तोच, कपाटही तेच. आबांचा रिलीव्हर आसामातल्या शिवसागरचा प्रफुल्ल भुयाँ. सतरा वर्षं दोघं एका पलंगावर झोपले आणि सतरा वर्षांत दोघांची भेट फक्त हेलिकॉप्टरच्या पायऱ्यांशी व्हायची. एक उतरायचा, एक चढायचा, मध्ये पाच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांत आणि कपाटात ठेवलेल्या चिठ्ठ्यांत दोघांनी एकमेकांचं सगळं घर ओळखीचं करून घेतलं होतं. आबा त्याच्यासाठी कपाटात शेंगांची चटणी ठेवायचे, तो आबांसाठी आसामचा चहा. आमच्या घरी दुसरा चहा कधी आलाच नाही. त्याची बायको बाळंतपणात गेली आणि रूनू नावाची एकुलती मुलगी त्यानं बहिणीकडं ठेवून वाढवली, हे आम्हाला नातेवाइकांइतकं माहीत होतं. रिगवरचा नियम एकच आणि कडक. रिलीव्हर येऊन उभा राहिल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. म्हणजे आबा जमिनीवर असले की भुयाँ समुद्रात, आणि भुयाँ जमिनीवर असला की आबा समुद्रात. दोघं एकदम जमिनीवर यायचे तर एकाला खास रजा हवी, आणि त्या एका पाळीपुरता तिसरा माणूस वरून पाठवला जायचा. असा तिसरा माणूस वर्षातून एखाद्या वेळी मिळे.

माझं लग्न मार्गशीर्षात, डिसेंबरच्या तेराला ठरलं. आबांची पाळी दहाला सुरू होत होती. त्यांनी चार महिने आधी रजेचा अर्ज केला होता. लग्नाच्या तयारीत ते बुडाले होते, रुखवताच्या लाडवांचं पीठसुद्धा त्यांनीच भाजलं. आणि आठ तारखेला जेवताना, मान खाली घालून, म्हणाले, “लीव्ह न्हाई मिळाली. उद्याच्या गाडीनं जावं लागंल. कन्यादान तात्या करंल.”

आई ताटावरून उठून गेली. मी म्हणाले, “मिळाली नाही म्हणजे? चार महिन्यांपूर्वी अर्ज केलाय.”

“न्हाई मिळाली, वैजू.”

“तर जाऊ नका.”

“माझ्या जाग्यावर माणूस अडकून पडलाय तिथं. त्यो बी चौदा दिस राबलाय. त्याला सोडवायला जायाच पायजे.”

मला राग आला. असा राग मला आबांचा त्याआधी कधी आला नव्हता. चोवीस वर्षं ज्या माणसाचं वेळापत्रक आम्ही देवासारखं पाळलं, त्याला माझ्यासाठी एकदा ते मोडता येऊ नये? दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी त्यांच्याबरोबर गेले, पण एक अक्षर बोलले नाही. गाडी लागली. आबांनी बॅग वर टाकली, परत खाली उतरले आणि सगळ्यांसमोर, आई आणि तात्याही होते, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “मुहूर्त चुकवायचा न्हाई. माझी शपथ हाय तुला.”

मी हात झटकला. गाडी निघून गेली. घरी येऊन मी नानांना निरोप धाडला की उद्या या, बोलायचं आहे.

बापाची शपथ मोडली की बाप मरतो म्हणतात. आई चार दिवस मला तेच ऐकवत होती. आबा त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगले, आणि शेवटपर्यंत स्वतःच्या दातांनी ऊस खाल्ला.

नाना रागावून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तमचा थोरला भाऊ रणजित आमच्या दारात आला. रणजित लष्करात होता, लेहला. महिन्याची रजा काढून भावाच्या लग्नासाठी आलेला. सत्तावीसच्या सकाळी त्याची गाडी होती. लग्न माघात ढकला असं कुणी म्हणालं नाही, त्याचं कारण तोच होता. पुन्हा रजा वर्षानं, आणि नानांना थोरल्या मुलाशिवाय धाकट्याचं लग्न लावायचं नव्हतं.

“ताई, नाना कबूल झाले,” तो म्हणाला. तो माझ्याहून मोठा, पण पहिल्या दिवसापासून ताईच म्हणायचा. “कबूल म्हणजे, शिव्या देत देत कबूल.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगायचं? म्हटलं, नाना, माझ्या पोरीचं बारसं तुम्ही तिथीवर केलंत. मी बर्फात होतो. त्या पोरीचं नाव मला चौदा दिवसांनी पत्रातनं कळलं. उत्तमच्या लग्नाला मी हवा म्हणून तुम्ही अडून बसताय, मग नवरीनं बापासाठी अडून बसू नये होय? रात्री जेवले न्हाईत. सकाळी म्हणाले, करू दे तिला काय करायचं ते.”

मग धावाधाव. मंदानं आणि मी उरलेल्या पत्रिकांवर काळ्या स्केचपेननं तेरा खोडून पंचवीस लिहिलं. ज्यांना आधी गेल्या होत्या त्यांच्याकडं माणूस धाडला. आमच्या भटजींनी पौषाचं नाव ऐकताच कानावर हात ठेवले. तेव्हा आईच्या माहेरचे गुंडाभाऊ आठवले. ते सत्यशोधकी पद्धतीनं लग्नं लावायचे. त्यांना पंचांग दाखवलं की विचारायचे, “ह्यात भजी गुंडाळायची का?” आम्ही विचारलं, पौषात चालेल का? ते म्हणाले, “नवरा-नवरी असली म्हंजे मला बाराही महिने चालतंय.” हॉल तर हवा तो मिळाला. पौषात मंगल कार्यालयवाला आम्हाला बघून आधी घाबरलाच.

गल्लीत बोलणी व्हायची ती झाली. मुलीत काहीतरी खोट असणार. नाहीतर घाई कसली? नाहीतर पौष कसला? पाणवठ्यावर एकीनं आईला तोंडावर विचारलं. आई तोवर माझ्यावर रुसलेलीच होती. पण ती तिथं म्हणाली, “खोट हाय की. माझ्या पोरीला बाप लागतोय लग्नाला. तुझ्या पोरींना लागत नसंल.” घरी येऊन घागर ठेवली आणि आठवड्यानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली, “साडी इस्त्रीला दिलीस का?”

चोवीसला सकाळी घर पाहुण्यांनी भरलं. आबा संध्याकाळपर्यंत पोचणार. साडेदहाला फोन वाजला. मी उचलला. पलीकडं खरखर आणि एक अनोळखी, घोगरा आवाज.

“बेटी, मैं भुयाँ बोल रहा है. मुंबई से.”

सतरा वर्षं ज्याचा चहा प्यायले त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. तो हिंदी बोलत होता, तीही आसामी वळणाची, त्यामुळं सगळं जसंच्या तसं लिहीत नाही. एका हेलिकॉप्टरमध्ये काहीतरी बिघाड सापडला होता आणि तपासणीसाठी सगळीच खाली बसवली होती. दोन दिवस, कदाचित तीन दिवस, कुणी उडणार नाही. भुयाँ मुंबईतच अडकला होता. तो पोचला नाही तर आबा निघणार नाहीत.

रणजितची गाडी सत्तावीसला. घर भरलेलं. मी म्हणाले, “चाचा, अब क्या?”

“मैं बोट से जाता है,” तो म्हणाला. दुपारी सामानाची बोट सुटणार होती, तिच्यावर जाण्यासाठी त्यानं साहेबाच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या. रात्रभर जाऊन सकाळी पोचेल, त्याच बोटीनं आबा उलटे निघतील, सव्वीसला पहाटे मुंबईला.

आबांनी सांगितलेलं मला आठवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी भुयाँ एकदा बोटीनं गेला होता. इतका आजारी पडला की परत कधी बोटीत पाय ठेवणार नाही असं म्हणाला, आणि सतरा वर्षं ठेवला नव्हता. मी म्हणाले, “चाचा, तुम्हाला बोट सोसत नाही.”

मग त्यानं मला विचारलं, तुझ्या बाबांनी तुला सांगितलं नाही का? रूनूचं लग्नही मार्गशीर्षातच होतं, अकरा तारखेला. दहाला रिगवरून उतरून अकराला शिवसागर गाठणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानंही त्याआधीच्या आपल्या पाळीची रजा मागितली होती, पण तिसरा माणूस एकच होता आणि आबांचा अर्ज आधीचा. आबांची रजा मंजूर झाली होती. मंजुरीचा कागद हातात पडला तशी आबांनी ती सोडून दिली, तो तिसरा माणूस भुयाँच्या पाळीला मिळाला आणि आबा आपली पाळी धरून हजर झाले, म्हणून भुयाँ घरी जाऊ शकला. “मेरे को कुछ नहीं बोला,” तो म्हणाला. “मैं समझा तुम्हारा शादी आगे हो गया.” परवा ऑफिसात आल्यावर त्याला सगळं कळलं.

मी फोन ठेवला. आबा मला खोटं बोलले होते. रजा मिळाली होती. ती त्यांनी दुसऱ्याच्या मुलीला दिली होती. पंधरा दिवस मी जगाशी भांडले ते ज्या माणसासाठी, त्या माणसानं आपण होऊन माझ्या लग्नाला न येणं पत्करलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. आईला फक्त एवढंच, की आबा सव्वीसला येतील.

पंचवीसला सकाळी जगदाळ्यांचं वऱ्हाड आलं. नानांना बातमी कळली तसे ते कार्यालयाच्या दारात उभे राहून गरजले, “आज बी न्हाई? आवं, हे लगीन हाय का पोरखेळ? तेरा म्हणालो, पंचवीस झाली. आता सव्वीस! उद्या बी त्यो आला न्हाई तर?”

मी बोलायच्या आत आई पुढं झाली. डोक्यावरचा पदर सावरून, आयुष्यात पहिल्यांदा व्याह्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “नाना, स्वयंपाक झालाय. आज जेवा, उद्या लगीन लावू. मुहूर्त तर काय आपला कुठं पळून चाललेला न्हाई.”

हशा पिकला. रणजित पहिला जाऊन पंगतीला बसला. लग्नाची जेवणं आदल्या दिवशी झाली, वऱ्हाड कार्यालयातच मुक्कामाला राहिलं, आणि त्या रिकाम्या दुपारी उत्तम आणि मी ठरल्यापासून पहिल्यांदा तासभर एकमेकांशी बोललो. मी त्याला रजेचं खरं सांगितलं. त्यानं नेहमीसारखं सावकाश ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग आता काय करणार?”

“विचारणार.”

“लग्नाच्या आधी की नंतर?”

“आधी,” मी म्हणाले.

सव्वीसला दुपारी पावणेचारला आबा आले. स्टँडवरून रिक्षानं. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, अंगाला डिझेलचा वास, आणि चालताना अजून बोटीचा हेलकावा. वऱ्हाडातल्या कुणीतरी हळूच विचारलं, पिऊन आलाय का? आबांनी नानांना वाकून नमस्कार केला. नाना काहीतरी बोलणार होते, पण आबांच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाले, “पाव्हणं, आंघोळ करून घ्या. गरम पाणी हाय.”

आतल्या खोलीत आंघोळ करून आबा नवा सदरा घालत होते तेव्हा मी दार लोटून आत गेले. मी पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधलेली.

“लीव्ह मंजूर झाली होती,” मी म्हणाले.

आबांनी वर बघितलं. “भुयाँ बोलला वाटतं. त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. बोटीवर तर कायच न्हाई ऱ्हायलं. मला बघून हसला आन् तिथंच आडवा झाला.”

“आबा, तुम्ही मला खोटं सांगितलंत.”

“व्हय.”

“त्याची मुलगी मुलगी, आणि मी कोण? मी रोज लोकांची बोलणी खाल्ली. नाना उठून गेले होते. लग्न मोडलं असतं.”

आबा पलंगावर बसले. “रूनूला आई न्हाई, वैजू. आत्यानं वाढवलीय. लई गरीब पोर. तिला मोठ्यांनी सांगितलं असतं, बाप येत न्हाई, तू बस, तर खाली मान घालून मुकाट्यानं बसली असती. जन्मभर कुणाला बोलली नसती. सतरा वर्सं ऐकतोय मी त्या पोरीचं. मला तिची चांगली वळख हाय.”

“आणि माझी?”

आबा हसले. “तुझी तर हायच की. तू बसली असतीस व्हय माझ्याबिगर?”

मी म्हणाले, “मग स्टँडवर शपथ कशाला घातलीत? मुहूर्त चुकवू नको म्हणून?”

“चार माणसांत बापानं तसं सांगायचं असतंय,” आबा म्हणाले. “तू ऐकणार न्हाईस हे ठाऊक व्हतं, म्हणून तर लीव्ह दिली.”

मी रडले. मुंडावळ्या सारून, डोळे पुसून, पुन्हा रडले. राग गेला नव्हता. पण माझ्या बापानं माझ्या हट्टावर स्वतःचं येणं टांगून ठेवलं होतं, आणि त्या बिनबोलक्या पोरीच्या वाट्याला तिचा बाप जाऊ दिला होता. माझ्यावर इतका भरवसा पुढं नवऱ्यानं टाकला नाही, मुलांनी टाकला नाही. आबांच्या सदऱ्याची वरची गुंडी लावायची राहिली होती. ती मी लावली.

बाहेरून हाका येऊ लागल्या. दारात मामा उभा होता, तात्याही. मी आबांचा हात धरून उठले.

“आगं थांब,” तात्या म्हणाले. “नवरीला मामानं आणायचं असतंय. तशी रीत हाय.”

मामा स्वतःहून बाजूला झाला.

“ह्या नवरीला बाप आणणार,” मी म्हणाले, आणि आम्ही दोघं मांडवाकडं निघालो.